चार नंबर शेडचा लहान दरवाजा

१

गेल्या डिसेंबरात मी एकोणीस वेल्डिंग मशीन झोपवली. निदान कागदावर तरी एकोणीस.

झोपवणं हा श्यामसुंदरदांचा शब्द. श्यामसुंदर माइती आमच्या हावड्याच्या कारखान्यातले सर्वांत जुने वेल्डर. छत्तीस वर्षं नोकरी झालेली, एकतीस डिसेंबरला निवृत्त होणार होते. मी तिथली मेंटेनन्स इंजिनियर. चार वर्षांपूर्वी पुण्याहून बदली होऊन आले. दिगंबरनं, माझ्या नवऱ्यानं, त्याच्या बँकेत अर्ज करून कोलकाता मागून घेतलं आणि आम्ही बालीगंजमध्ये राहायला लागलो.

चार नंबर शेडमध्ये मोठ्या टाक्यांचं वेल्डिंग चालायचं. कामं येईनाशी झाली तसं ऑगस्टमध्ये ते शेड बंद करण्यात आलं. वीज तोडली. मशीन विकायची नाहीत, तीन वर्षं जपून ठेवायची, असं मुख्य कार्यालयानं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. वीस डिसेंबरला तपासणी होती.

काम सोपं, पण घाई न चालणारं. पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनमधलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं. झाकण उघडून कोरडी हवा मारायची. त्यासाठी शेजारच्या शेडमधून नळी ओढून आणली होती. कॉइलवर बसलेली काळी लोखंडी धूळ उडवायची, तांब्याच्या टोकांना ग्रीस लावायचं, केबल पुसून सैल गुंडाळायची. मग आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून वरून जाड प्लास्टिकची खोळ चढवायची आणि तारखेची चिठ्ठी बांधायची. हुगळीकाठच्या हवेत उघडं लोखंड आठवड्यात तांबूस होतं, त्यामुळे हयगय करून चालत नाही.

शेडचं मोठं शटर सील केलेलं होतं. आम्ही जात-येत होतो उत्तरेच्या भिंतीतल्या लहान लोखंडी दरवाज्यानं. तो बाहेर उघडायचा. बाहेर एक अरुंद वाट आणि पलीकडे जलपर्णीनं भरलेलं तळं. शेडच्या मध्यावर, बाजूच्या भिंतीला लागून, आमचं टेबल. छतातल्या मळक्या पत्र्यांतून येईल तेवढाच उजेड. साडेतीनच्या पुढे तोही दिसेनासा व्हायचा, म्हणून आम्ही चारला काम थांबवायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दरवाजा ओढताना वरच्या कोपऱ्यात तट् असा आवाज झाला, कडक दोरा तुटावा तसा. मी म्हटलं गंज असेल. श्यामसुंदरदा आत गेले आणि स्वतःचं स्टूल उचलून त्यांनी फिरवून ठेवलं, दरवाज्याकडे पाठ येईल असं.

२

त्याच दिवशी रात्री घरी जेवायला बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांत खडे गेल्यासारखं वाटायला लागलं. आधी वाटलं शेडमधली धूळ. पाणी मारलं, तसं जास्तच खुपायला लागलं. थोड्या वेळानं पापणी उघडली की दिव्याची सुई टोचत होती. दिगंबरनं घरातले दिवे मालवले आणि माझ्याजवळ बसून राहिला. आमच्या मुलीनं, आभानं, मैत्रिणीच्या आईला फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव मिळवलं.

सकाळी दिगंबर मला हात धरून गडियाहाटला त्यांच्याकडे घेऊन गेला. बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून पाहिलं आणि काल मी उघड्या डोळ्यांनी किती वेळ वेल्डिंग पाहत होते, असं विचारलं.

मी म्हटलं, पाहिलेलं नाही. आमच्या शेडमध्ये ऑगस्टपासून वीज नाही.

त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "मग हा गाल?"

माझा डावा गाल कानापर्यंत लाल झाला होता. उन्हात सोलपटतो तसा. उजवा अगदी नेहमीसारखा.

३

दोन दिवस मी पट्टी बांधून पडून होते. पडल्या पडल्या दुसरं काही सुचत नाही, म्हणून हिशोबानं विचार केला. टेबलाशी बसले की माझी डावी बाजू उत्तरेकडे असते. म्हणजे जे काही होतं ते उत्तरेकडून आलं. उत्तरेला दरवाजा, आणि वर दोन झरोके. झरोक्यांतून तळ्याच्या पाण्यावरचं ऊन चमकून आत येत असेल. हे पटलं. पटल्यामुळे झोपही लागली.

तिसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा आधी तळ्यापाशी उभी राहिले. पाणी कुठे दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी जलपर्णी. आणि वर डिसेंबरचं धुरकट आभाळ, ज्यात सूर्य असून नसल्यासारखा.

मग मी विजेची पेटी उघडून पाहिली. फ्यूज काढलेले होते. मुख्य केबल कापून तिचं टोक बांधून ठेवलं होतं. ते मीच ऑगस्टमध्ये उभं राहून करून घेतलं होतं, आणि पेटीची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

मी नसताना श्यामसुंदरदांनी एकट्यानं दोन मशीन उरकली होती. माझंही स्टूल त्यांनी फिरवून ठेवलं होतं. टेबलाच्या उत्तरेला एक जाड ताडपत्री टांगली होती. कशाला, असं मी विचारलं. वारा येतो म्हणाले. माझ्या डोळ्यांची चौकशी केली, बटाट्याचे काप ठेवा, आम्ही तेच करतो, असंही सांगितलं. डोळ्यांना काय झालंय हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी दरवाजा उघडताना आवाज लांबला होता. तट् नव्हे, जुनं कापड फाडावं तसा, वरच्या कोपऱ्यापासून कडीपर्यंत.

४

सोळा तारखेला दुपारी मी शील्ड तपासायला घेतल्या. वेल्डर तोंडासमोर धरतात त्या. मध्ये काळी काच असते. मशीनबरोबर त्याही ठेवायच्या होत्या, आणि काचेला तडा असेल तर ती बदलायची होती. श्यामसुंदरदा शेडच्या दक्षिण टोकाला एका मशीनला ग्रीस लावत होते.

एकेक शील्ड तोंडासमोर धरायची आणि चहूकडे फिरून पाहायचं. तडा असला तर तिथून उजेडाची रेघ दिसते. नाहीतर या काचेतून काहीच दिसत नाही. दुपारच्या उजेडातही पूर्ण अंधार. वेल्डिंगच्या ठिणगीखेरीज तिच्यातून दुसरं काही येऊ शकत नाही, तिचं कामच ते.

चौथी शील्ड धरून मी ताडपत्रीच्या पलीकडे गेले आणि उत्तरेकडे वळले.

अंधारात एक हिरवट ठिपका थरथरत होता.

मी शील्ड खाली केली. समोर रिकामं शेड, खोळी घातलेल्या मशीनची रांग आणि टोकाला बंद दरवाजा. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. पुन्हा शील्ड धरली. ठिपका होताच. काच सदोष असेल म्हणून दुसरी घेतली. तोच ठिपका, त्याच जागी.

मी उभी राहून बघत राहिले; का, ते मला आजही सांगता येत नाही. ठिपक्याभोवती वीतभर उजेड होता. त्यात एक चामडी हातमोजा होता आणि रॉड धरलेली पकड. रॉड हळूहळू आखूड होत गेला. संपल्यावर ठिपका विझला. मी मनात आकडे मोजले. बारा झाले आणि पुन्हा पेटला, आता नवा लांब रॉड होता. कुठलाही वेल्डर जसं काम करतो तसंच, ना घाई ना आळस. तो हात दरवाज्याच्या कडेनं खाली सरकत होता.

श्यामसुंदरदांनी मागून येऊन माझा दंड धरला आणि मला ताडपत्रीच्या अलीकडे ओढलं.

"उघड्या डोळ्यांनी तिकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "काचेतून तर मुळीच नाही."

५

आमचं बोलणं हिंदीत चालायचं. मी ते मराठीत सांगते आहे. श्यामसुंदरदांना तो उजेड पहिल्या आठवड्यातच कळला होता. वेल्डरच्या मानेला उजेड न पाहताच कळतो, म्हणाले. मी रागावले. माझे डोळे जाऊ शकले असते, मला आधीच का सांगितलं नाही, असं विचारलं.

"तुम्ही इंजिनियर," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर शोधायला गेला असता."

मी तेच केलं. त्यांना माझ्याबरोबर यावंच लागलं. ठिपका विझून बराच वेळ पेटला नाही तेव्हा, दोघंही डोळे मिटून, मशीनच्या रांगेला हात लावत आम्ही दरवाज्यापर्यंत गेलो. तिथे मी डोळे उघडले. राखाडी रंगाचा पत्रा, राखाडी चौकट, मधे फट. काहीही नव्हतं. मग श्यामसुंदरदांनी माझं बोट धरून त्या फटीवर टेकवलं.

बोटाखाली वेल्डिंगची शिवण होती. खवल्यांसारखी, एकसारखी, सुरेख. माझी नजर रिकाम्या फटीवर होती आणि बोट शिवणीवरून चाललं होतं. वरची बाजू पूर्ण. कडीची बाजू पूर्ण. बिजागरीच्या बाजूला अर्ध्यापर्यंत आणि तिथे ती ऊबदार होती.

आम्ही आत असो वा नसो, तो हात काम करतच राहायचा. जाता-येता दरवाजा उघडताना आम्ही ती शिवण फाडायचो. मग तो ती पुन्हा घालायचा, आधीपेक्षा थोडी पुढे नेऊन.

"आपल्याला कोंडतोय?" मी विचारलं.

आतून वेल्ड करणारा माणूस स्वतः आतच राहतो, एवढंच श्यामसुंदरदा म्हणाले.

मी मोठ्या साहेबांकडे जाऊन दरवाजा अडकतो, दुरुस्त करायला हवा, असं सांगितलं. वीस तारखेपर्यंत भागवून घ्या, असं उत्तर मिळालं. खरं काय सांगणार होते? आणि काम अर्धवट टाकलं असतं तर श्यामसुंदरदांची सुटका रखडली असती. त्यांच्या निवृत्तीच्या कागदांवर चार नंबर शेड पूर्ण झाल्याची नोंद लागणार होती. घरी बायको अंथरुणाला खिळलेली होती, एक जानेवारीला तिला गावी न्यायचं ठरलं होतं. तीन मशीन उरली होती. तीन दिवस, श्यामसुंदरदा म्हणाले, मग आयुष्यात पुन्हा या दरवाज्याला हात लावणार नाही.

दिगंबरला मी काहीच सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून संध्याकाळी नदीखालून जाणाऱ्या मेट्रोत बसले, की गाडी सुटेपर्यंत मी दारांकडे बघत राहायचे.

६

एकोणीस तारखेला शेवटचं मशीन उरलं. ते सर्वांत जुनं होतं आणि त्याच्यातलं पाणी संपता संपेना. दीड वाजता मी बादली लावली. अडीच वाजता दुसरी बादली भरली, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या टाकीत बादलीभरसुद्धा पाणी मावत नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "निघू या."

श्यामसुंदरदा लगेच उठले. वाद घातला नाही. कोपऱ्यातली पहार त्यांनी खांद्यावर घेतली. जाण्याआधी ठिपका विझलाय की नाही ते बघायला हवं होतं. ते काम मी घेतलं. ताडपत्रीच्या कडेनं शील्ड पुढे धरली.

तो दरवाज्याच्या तळाशी होता. उंबरठ्यापाशी बसून, शेवटची वीतभर जागा भरत होता. खाली आणि कोपऱ्यात असल्यामुळे उजेड भिंतीवर आपटून पसरला होता. आजवर दिसली नव्हती एवढी जागा उजळली होती.

भिंतीच्या कडेनं माणसं उकिडवी बसली होती. एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, आमच्याकडे पाठ करून. वेल्डिंग चालू असताना मदतनीस डोळे वाचवायला तोंड फिरवून बसतात ना, तशी. खाकी कपडे. माना खाली. मी आठपर्यंत मोजली आणि पुढे उजेड पोचत नव्हता. कोणीच हलत नव्हतं. काम संपायची वाट बघणारी माणसं जशी बसतात तशी ती बसली होती.

मी श्यामसुंदरदांना एवढंच सांगितलं, की थांबता येणार नाही, अजून पेटलेलाच आहे.

अडचण अशी होती की शील्ड धरली तर दरवाजा दिसत नव्हता, आणि नाही धरली तर डोळे जाणार होते. आम्ही ओढणीनं माझे आणि गमछ्यानं त्यांचे डोळे बांधले. त्यांनी उजव्या हातात पहार धरली, डावा मला दिला. मी मोकळ्या हातानं भिंत चाचपत पुढे झाले. टेबलापासून दरवाज्यापर्यंत बावीस पावलं होतात.

चौदाव्या पावलाला भिंतीऐवजी हाताला कापड लागलं. जाडं, घामानं कडक झालेलं. त्याखाली खांदा होता. मी हात काढून घेतला नाही. घेतला असता तर वाट चुकले असते. पुढचा खांदा. त्याच्यापुढचा. माझा हात लागला की प्रत्येक खांदा थोडा आकसत होता. ते आम्हाला वाट देत होते. तेरा खांदे झाले. श्यामसुंदरदा माझ्यामागे पुटपुटत होते. देवाचं नाव घेताहेत असं मला वाटलं. नंतर कळलं, ते प्रत्येकाला "सांभाळून, दादा, सांभाळून" असं म्हणत होते.

एकविसाव्या पावलाला पायांना धग लागली. मी दरवाज्याचा पत्रा चाचपला. शिवण सगळीकडे होती. तळाशी बिजागरीपाशी फक्त चार बोटं जागा मोकळी. श्यामसुंदरदांनी पहार तिथे घातली आणि दोघांनी अंगाचा भार टाकला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा ते कापड फाटल्यासारखं सुरू झालं आणि फाटतच गेलं, तळापासून वर, वरून पलीकडे. दरवाजा उघडला आणि आम्ही दोघं वाटेवर पडलो.

ओढणी सोडली तेव्हा माझा तळवा भाजून सोललेला होता. श्यामसुंदरदांनी मागे न बघता पाठीनं दरवाजा लोटला आणि कुलूप घातलं.

त्या संध्याकाळी मी अहवालात लिहिलं: एकोणीस मशीन, काम पूर्ण. बारा वर्षांच्या नोकरीत मी केलेली ती पहिली खोटी सही.

७

तपासणीला एस्प्लनेडच्या मुख्य कार्यालयातून हेमंत घोष आले. पन्नाशीचे, नेटके, हातात यादी. त्यांना प्रत्येक मशीन उघडून बघायचं होतं. श्यामसुंदरदा माझ्या शेजारी उभे होते. त्यांना मी यायला नको म्हटलं होतं.

कुलूप काढून आम्ही दोघांनी मिळून दरवाजा ओढला. तो सगळ्या बाजूंनी फाटत उघडला. घोषबाबू पायरीवर चढले, तशी मी त्यांच्या आडवी झाले. बाकी सगळं तोंडात गोळा झालं होतं, पण एवढंच सांगितलं, की अठरा मशीन झाली आहेत, एक राहिलंय, अहवाल खोटा आहे, मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आत जाऊ नका. त्यांनी कारण विचारलं. मी पिशवीतून शील्ड काढून त्यांच्या हातात दिली.

ते हसले. माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, श्यामसुंदरदांकडे पाहिलं, आणि माझी समजूत काढावी तशी शील्ड तोंडासमोर धरून त्यांनी आत डोकावलं.

ते फार वेळ तसे उभे राहिले. तळ्यावर कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. मग त्यांनी शील्ड खाली केली. आवाज अगदी साधा होता, ऑफिसात विचारावा तसा.

"मॅडम, ती माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली असतात?"

"हो."

"सगळी?"

मी हो म्हटलं.

"एक जण उभा आहे," ते म्हणाले. "त्याचं तोंड आपल्याकडे आहे."

दरवाजा मी लावला. श्यामसुंदरदांनी खांदा दिला आणि आम्ही दोघं त्याला टेकून राहिलो. उत्तरेची भिंत ती, तिच्यावर ऊन कधी पडत नाही. पत्रा गार होता. मग वरच्या कोपऱ्यात ऊब उमटली. ती सरकत निघाली. कडीच्या बाजूनं खाली, उंबरठ्यावरून आडवी, बिजागरीच्या बाजूनं वर. या वेळी मात्र त्याला घाई होती, तो उभा असलेला दरवाज्यापर्यंत पोचायच्या आत. माझ्या चांगल्या हाताखालून ती ऊब गेली तेव्हा मला कळलं की तो रॉड बदलायलाही थांबत नाहीये.

मागे घोषबाबू पायरीवर बसले होते. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली, एकोणीसच्या समोर, आणि उठून फाटकाकडे चालू लागले.

ऊब पुन्हा वरच्या कोपऱ्यात पोचली आणि थांबली. श्यामसुंदरदांनी कडी धरून सगळ्या ताकदीनं ओढून पाहिली. दरवाजा भिंतीसारखा राहिला. त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. दरवाज्याला, की आतल्या त्या हाताला, ते मी विचारलं नाही.

माझा तळवा अजून पत्र्यावर होता. त्याच्या नेमका समोर, आतून, कोणीतरी तळवा टेकवला. थाप नाही, धक्का नाही. पत्रा फक्त हळूहळू माझ्याकडे फुगत आला, पाच बोटं मोजता येतील इतका.

मला हात काढता येत नव्हता. श्यामसुंदरदांनी माझं मनगट धरून तो काढला.